वारणेच्या अलीकडचे महाराज

13 एप्रिल 1731 रोजी साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात तह झाला आणि वारणा ही दोन राज्यांची सीमा ठरली. सह्याद्रीत उगम पावून हरिपूरच्या संगमावर कृष्णेला मिळणारी ही नदी आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची हद्द सांभाळते. तहाने मुलूख वाटला, ठाणी वाटली, किल्ले वाटले. 'छत्रपती' हा शब्द मात्र वाटता येण्यासारखा नव्हता. ज्याच्या डोक्यावर छत्र तो छत्रपती, आणि राज्यात छत्र एकच, ही त्या शब्दामागची कल्पना. आता एकाच घराण्याचे दोन छत्रपती एकाच वेळी राज्य करणार होते. तेव्हापासून वारणेच्या अलीकडे, शिराळ्याकडच्या गावांत 'महाराज' म्हटले की साताऱ्याचे, आणि नदी ओलांडून पन्हाळ्याच्या बाजूला गेले की करवीरचे. शब्दात काही बदलले नाही, शब्दाच्या अर्थातही नाही. बोलणारा नदीच्या कोणत्या काठावर उभा आहे, एवढ्यावर माणूस बदलला. व्याकरणाच्या पुस्तकात 'महाराज' हे नाम असेल, पण काम ते 'इथे', 'आज' आणि 'मी' यांच्यासारखे करत होते.

सातारा-सांगली भागाचा गेल्या तीनशे वर्षांचा राजकीय इतिहास या अंगाने पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इथली मोठमोठी भांडणे 'महाराज', 'श्रीमंत', 'वारस', 'सरकार' या शब्दांचा अर्थ काय यावर झाली नाहीत. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. तो शब्द कोणाकडे बोट दाखवतो आणि ते बोट वळवण्याचा अधिकार कोणाचा, यावर ती झाली. आणि त्यांचा निकाल पाहता असे दिसते की शब्द वस्तूला धरून ठेवतो तो त्याच्या पोटातल्या वर्णनाच्या जोरावर नव्हे. तो धरून ठेवतो वापराच्या अखंड परंपरेच्या जोरावर. वर्णन खोटे ठरले, विरले, उलटले, तरी शब्दाचा नेम चुकला नाही, याची उदाहरणे या मुलखात एखाददुसरी नाहीत.

शाळेत सर्वनामाची जी व्याख्या पाठ करून घेतात ती अशी की नामाची पुनरुक्ती टाळण्यासाठी नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम. ही व्याख्या फारच भाबडी आहे. 'मी' कोणत्या नामाची पुनरुक्ती टाळतो? नवऱ्याचे नाव न घेणारी बाई 'हे बाहेर गेलेत' म्हणते तेव्हा त्या 'हे'च्या आधी कोणतेही नाम येऊन गेलेले नसते आणि यायचेही नसते. तरी ऐकणाऱ्याला क्षणभरही संशय येत नाही. त्या घरात 'हे' हेच विशेषनाम झालेले असते आणि खरे नाव उखाण्यापुरते, वर्षातून एकदोनदा, बाहेर निघते. म्हणजे सर्वनाम नामाचे काम करते, आणि वारणाकाठच्या 'महाराजां'प्रमाणे नाम सर्वनामाचे काम करते. दोहोंमधली भिंत व्याकरणकारांना वाटते तितकी जाड नाही.

हे ज्यांना पुरते कळले होते ते कारकून. अठराव्या शतकातले मोडी कागद वाचताना सुरुवातीला अडखळायला होते ते अक्षरापेक्षा या बोट दाखवणाऱ्या शब्दांमुळे. 'मौजे मजकूर', 'किल्ले मजकूर', 'साल मजकूर', 'सदरहू', 'मशारनिल्हे'. 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो. साताऱ्याच्या किल्ल्यावरून निघालेल्या पत्रात 'किल्ले मजकूर' म्हणजे साताराच, आणि तोच शब्द दुसऱ्या किल्ल्याच्या कागदात आला की दुसरा किल्ला. 'मशारनिल्हे' तर अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठी दफ्तरात उतरलेला शब्द. त्याचा मूळ अर्थच 'ज्याच्याकडे निर्देश केला आहे तो'. तो मान असलेल्या माणसासाठी राखलेला होता. 'तो' म्हणणे उणे पडले असते, नाव पुन्हा पुन्हा घेणे बरे दिसले नसते, म्हणून हा तिसरा मार्ग. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, पण त्यानंतर शंभर वर्षांनीही 'मजकूर' आणि 'मशारनिल्हे' कागदोपत्री जिवंत होते. कारण कारकुनाला पदार्थांची नावे बदलणे जमते, बोट दाखवण्याची सवय बदलणे जमत नाही. आजही पंचनाम्यात 'सदर इसम' येतो तो याच घराण्यातला. 'मजकूर' मात्र पुढे छापखान्यात जाऊन 'लिहिलेला भाग' एवढाच उरला.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला काढला. हजारो पत्रांचा हा साठा पेशवाईच्या उत्तरार्धासाठी किती मोलाचा, हे इतिहासाच्या अभ्यासकांना सांगायला नको. त्यातल्या भाषेकडे पाहिले तर जाणवते की महत्त्वाच्या माणसांची पूर्ण नावे तिथे फार थोडी. 'श्रीमंत' म्हणजे पेशवे. 'राजश्री नाना' म्हणजे फडणीस. 'हुजूर' हा शब्द तर माणूस आणि ठिकाण दोन्ही एकदम. पत्र पुण्याहून मिरजेला जायचे, वाटेत दहा हातांतून जायचे, आणि तरी 'श्रीमंत' कोण हे सांगावे लागत नसे. असे सांगावे न लागणे हीच तर सत्तेची खूण. ज्याचे नाव न घेता उल्लेख होतो तो मोठा.

पण हे बोट डळमळते तेव्हा काय होते? 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि ऑक्टोबरात रघुनाथरावांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर नारायणरावांच्या पश्चात त्यांचा मुलगा जन्मला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून पुन्हा वस्त्रे आली. एकाच वर्षात एकाच ठिकाणाहून दोघांना. 'श्रीमंत' या शब्दाला आता दोन मालक होते, आणि बारभाईंचे सगळे राजकारण, पुढचे इंग्रजांशी झालेले युद्धसुद्धा, हा शब्द पाळण्यातल्या बाळाला चिकटवण्यासाठी होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

इथे एक आक्षेप येणार. त्या काळी साताऱ्याच्या महाराजांच्या हातात होते काय? शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला गेले, 1750 च्या सांगोल्याच्या कराराने कारभार पुण्याला गेला, आणि त्यानंतर छत्रपती साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत. तेव्हा वस्त्रे आणणे, शिक्क्यात राजाचे नाव प्रधानाच्या आधी कोरणे हा केवळ देखावा. ज्या शब्दामागे सत्ता नाही तो शब्द पोकळ. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गफलत आहे. देखावा असता तर सोडून देता आला असता. दरवेळी, अगदी 1796 मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीही, वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागली, यातच त्याचे उत्तर आहे. पेशव्यांची सत्ता खरी होती, पण त्या सत्तेला 'प्रधान' म्हणायचे तर कोणाचा प्रधान हे सांगणारा दुसरा शब्द हवाच. 'प्रधान' हा शब्दच परावलंबी आहे. त्याचा निर्देश 'महाराज' या शब्दातून जातो, आणि म्हणून साताऱ्यात कोणीतरी महाराज असणे ही पुण्याची गरज होती, मग ते महाराज कितीही दुबळे असोत.

कितीही दुबळे, आणि कोणीही असोत, असेही म्हणावे लागेल. शाहू महाराजांच्या पश्चात गादीवर आले ते रामराजे. ताराबाईंनीच त्यांना आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून पुढे आणले होते. त्याच ताराबाईंनी वर्षभरात, नोव्हेंबर 1750 मध्ये, त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि हा माझा नातू नव्हेच, तोतया आहे, असे जाहीर केले. 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तसे शपथेवर सांगितले. ज्या वर्णनाच्या बळावर हा माणूस गादीवर आला, 'ताराबाईंचा नातू', ते वर्णन सांगणाऱ्या व्यक्तीनेच देवापुढे मागे घेतले. तर्कशास्त्राच्या हिशेबाने 'महाराज' हा शब्द त्या क्षणी निराधार व्हायला हवा होता. झाले काय? रामराजे 1777 पर्यंत छत्रपती राहिले. कागद त्यांच्या नावे निघत राहिले, वस्त्रे त्यांच्याकडून येत राहिली. ताराबाई खरे केव्हा बोलल्या यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. निर्देशाच्या दृष्टीने ती बाब गौण आहे. नातू असोत वा नसोत, साताऱ्याचे महाराज म्हणजे तेच, हे एकदा वापरात रुजले होते आणि त्या वापराने वर्णनाचा आधार केव्हाच सोडला होता.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी नेमका याच प्रश्नावर वाद घातला. बर्ट्रंड रसेल यांनी 1905 च्या निबंधात 'फ्रान्सचा सध्याचा राजा' हे उदाहरण घेतले. फ्रान्समध्ये राजाच नाही, तर त्याच्याविषयीचे विधान खरे की खोटे? त्यांनी या शब्दप्रयोगाची फोड वर्णनात केली: असा एक आणि एकच कोणी आहे, जो राजा आहे वगैरे. सॉल क्रिपकी यांनी 1970 च्या व्याख्यानांत विशेषनामांपुरती ही रीत मोडून काढली. नाव एकदा ठेवले की ते एका तोंडून दुसऱ्या तोंडी जात राहते, आणि त्या माणसाबद्दल आपल्याला ठाऊक असलेले सगळे चुकीचे निघाले तरी नाव त्याच्याकडेच पोचते, असे त्यांचे म्हणणे. साताऱ्याच्या इतिहासाने या वादात कौल दिला तो बराचसा क्रिपकींच्या बाजूने. मात्र त्याने आणखी एक गोष्ट दाखवली जी त्या व्याख्यानांत फारशी येत नाही: ही साखळी आपोआप चालत नाही, तिच्या कड्या कोणीतरी जोडतो, आणि कोणी तोडूही पाहतो.

तोडण्याचा तो प्रयत्न म्हणजे 1848. त्याआधी 1818 पाहिले पाहिजे. त्या वर्षी 10 फेब्रुवारीला इंग्रजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला आणि लगोलग एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला की बाजीरावाचे राज्य संपले, साताऱ्याच्या राजाला त्याचे राज्य मिळेल. राजा त्या वेळी साताऱ्यात नव्हताही. तो बाजीरावाच्या फौजेबरोबर फिरवला जात होता आणि 20 फेब्रुवारीच्या अष्टीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती आला. हातात नसलेल्या राजाच्या नावाने जाहीरनामा काढायचे कारण उघड होते. सरदारांची निष्ठा बाजीरावापासून सोडवायची तर 'महाराज' या शब्दाखेरीज दुसरे हत्यार नव्हते. ज्याला आपल्याकडचे लोक पोकळ देखावा म्हणतात त्या शब्दाची किंमत एल्फिन्स्टनला बरोबर कळली होती. मग 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना राज्य मिळाले, त्यांना आणि त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना, कायमचे.

पुढे 1839 मध्ये कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांच्या बाजूने रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे कित्येक वर्षे झगडत राहिले. गादी धाकट्या भावाला, शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांना मिळाली. ते 5 एप्रिल 1848 रोजी वारले. औरस मुलगा नव्हता, मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. प्रश्न उभा राहिला तो एका शब्दाचा: तहातल्या 'वारस' या शब्दात दत्तक मुलगा येतो की नाही? मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत पडले की येतो. तहात शब्द मोकळा ठेवला आहे, त्याला मर्यादा घातलेली नाही, आणि या देशात दत्तकाला वारस मानतात. साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचाही कल राज्य राखण्याकडे होता. मुंबई कौन्सिलातल्या विलोबींचे मत उलट. डलहौसीने ऑगस्टात विलोबींची बाजू उचलली. दत्तक मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस होईल. राज्याचा वारस व्हायचा तर सार्वभौम सत्तेची संमती हवी. जानेवारी 1849 मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी त्यावर शिक्कामोर्तब केले आणि सातारा खालसा झाला.

या युक्तिवादातली चलाखी पाहण्यासारखी आहे. डलहौसीने 'वारस' शब्दाचा अर्थ नाकारला नाही. एकाच मुलाकडे तो शब्द वाड्याच्या सामानासाठी निर्देश करतो आणि गादीसाठी करत नाही, असे त्याने ठरवले. म्हणजे शब्दाचे बोट वळवण्याचा अधिकार तेवढा स्वतःकडे घेतला. आणि ज्या राजाशी 1819 चा तह झाला त्याचे स्वतःचे घराणे कसे चालत आले होते? प्रतापसिंहांचे वडील धाकटे शाहू महाराज हे वावीकर भोसल्यांच्या शाखेतले. 1777 मध्ये रामराजांनी त्यांना दत्तक घेतले होते. म्हणजे तहाच्या पहिल्या ओळीत 'साताऱ्याचे महाराज' असे ज्यांना म्हटले, त्यांच्यापर्यंत तो शब्द दत्तकाच्या वाटेनेच पोचला होता. दत्तकाने निर्देश पुढे जात नाही असे म्हणायचे तर तह कोणाशी केला, हेच कंपनीला सांगता आले नसते. दत्तकाच्या नामंजुरीचा अन्याय दाखवताना आपण सहसा नैतिकतेची भाषा वापरतो. मला वाटते, तर्काच्या भाषेतही तो तितकाच उघडा पडतो.

या काळात लंडनच्या इंडिया हाउसमध्ये देशी संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी होता जॉन स्टुअर्ट मिल. त्याच्या 1843 च्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात डार्टमथ या गावाचे उदाहरण आहे. डार्ट नदीच्या मुखाशी म्हणून डार्टमथ, पण उद्या वाळूने नदीचे मुख सरकले तरी गावाचे नाव बदलणार नाही. विशेषनाम वस्तूला दाखवते, तिचे गुण सांगत नाही. सिद्धांत मांडणारा माणूस आणि सिद्धांताला कसोटीला लावणारा खटला, दोन्ही एकाच इमारतीत होते. त्या इमारतीतून निघालेल्या निर्णयावर सिद्धांताचा काही परिणाम झालेला दिसत नाही, हे वेगळे. गंमत अशी की राज्य गेल्यावर औंध, फलटण, जत यांसारख्या संस्थानांना कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या दफ्तरात नाव पडले 'सातारा जहागिरी'. ज्या सातारा राज्याच्या त्या जहागिरी होत्या ते राज्य उरले नव्हते. नदी सरकली, नाव राहिले.

यावर दुसरा, अधिक कठीण आक्षेप असा: मग शेवटी ज्याच्या हाती काठी त्याच्याच हाती शब्द, एवढेच सिद्ध झाले ना? डलहौसीने ठरवले आणि झाले. हे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी औरंगजेबाकडे पाहावे. 1700 मध्ये साताऱ्याचा किल्ला घेतल्यावर त्याने आपल्या मुलाच्या नावावरून त्याला आझमतारा नाव दिले. त्या वेळी हिंदुस्थानात त्याच्याहून मोठी काठी कोणाकडे होती? काही वर्षांत किल्ला गेला आणि नावही गेले. पुढे अजिंक्यतारा हे नाव रुजले, पण तेही वेगळ्याच रीतीने. किल्ल्याचे मूळ नाव 'सातारा' पायथ्याच्या गावाला गेले आणि गड अजिंक्यतारा झाला. त्या गावाला शाहू महाराजांच्या काळात शाहूनगर म्हणत. ते नावही मागे पडले. म्हणजे जेत्या बादशहाने दिलेले नाव टिकले नाही, लोकप्रिय राजाच्या नावाचेही नाव चालले नाही, आणि गडाचे नाव आपल्या पायांनी डोंगर उतरून शहरात आले. सात दरवाजे, सात बुरूज की सात टेकड्या, ही व्युत्पत्तीची चर्चा गमतीची असते. सांगली म्हणजे सहा गल्ल्या, हीसुद्धा. पण सांगलीत आज गल्ल्या मोजून कोणी शहर ओळखत नाही. सत्ता शब्दाला काही काळ वळवते. तो रुजवणे तिच्या एकटीच्या हातात नसते.

ही गोष्ट सर्वांत ठसठशीत दिसते ती 1942 नंतरच्या चार वर्षांत, आणि तिची सुरुवात औंधपासून केली पाहिजे. 'प्रतिनिधी' हे पद राजाराम महाराजांनी जिंजीला निर्माण केले. राजाच्या जागी उभा राहणारा तो प्रतिनिधी. शब्दाचा अर्थच दुसऱ्याकडे निर्देश करणारा. पहिले प्रल्हाद निराजी, मग किन्हईचे परशुराम त्रिंबक, त्यांच्या घराण्यात पद वंशपरंपरागत झाले, आणि विसाव्या शतकापर्यंत ते चक्क आडनाव झाले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी कोणाच्याही जागी उभे नव्हते. ज्याच्या जागी उभे राहायचे ती गादीच नव्वद वर्षांपूर्वी खालसा झालेली. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या या राजाने 1939 मध्ये राज्यघटना देऊन कारभार प्रजेने निवडलेल्यांच्या हाती सोपवला. प्रतिनिधी आडनावाच्या माणसाने नव्या अर्थाच्या प्रतिनिधींना राज्य दिले.

औंध संस्थानाचा एक तुकडा म्हणजे कुंडल. भोवती ब्रिटिश सातारा जिल्हा, मध्ये संस्थानी मुलूख. भूमिगतांना याहून सोयीची जागा मिळती ना. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाईकडचे किसन वीर यांनी चालवलेल्या प्रतिसरकारचे हे एक मुख्य केंद्र झाले. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवली, 1944 च्या एप्रिलात धुळ्याकडचा खजिना लुटला, या घटना सर्वांना माहीत आहेत. पण रोजच्या जगण्यात अधिक खोल गेली ती न्यायदान मंडळे, कमी खर्चाची गांधी लग्ने, सावकारांवरचा आणि गुंडांवरचा वचक. आता विचार करा, त्या काळी कुंडलमधल्या शेतकऱ्याने 'सरकार' म्हटले तर कोण? गोऱ्यांचे, औंधचे, की नाना पाटलांचे? वारणेकाठी 'महाराज' शब्दाचे दोन मालक होते तर इथे 'सरकार'चे तीन, आणि मध्ये नदीही नाही. कोणते ते बोलणाऱ्यावर, ऐकणाऱ्यावर, वेळेवर आणि अर्थात दाराबाहेर कोण उभे आहे यावर ठरत असणार.

म्हणून वेगळा शब्द हवा झाला. 'प्रतिसरकार' हा संस्कृत वळणाचा, कार्यकर्त्यांचा. लोकांच्या तोंडी बसला 'पत्री सरकार'. बैलांच्या खुरांना जशी पत्री मारतात तशी खबऱ्यांच्या तळपायांना मारत, म्हणून पत्री, हे स्पष्टीकरण सर्वत्र सांगतात. 'प्रति'चा उच्चार फिरून 'पत्री' झाला असेही म्हणतात. पहिल्या स्पष्टीकरणात चळवळीची बदनामी आहे म्हणून अनेकांना ते नाव खटकते, आणि ते समजण्यासारखे आहे. तरी या नावावर चळवळीचे काही बिघडलेले दिसत नाही. धाकाने म्हणणारा, कौतुकाने म्हणणारा आणि पोलीस दप्तरात नोंदवणारा, तिघांच्या मनात वर्णने तीन होती, निर्देश एकच.

नाना पाटलांच्या नावाशी जोडलेली 'आपला आपण करू कारभार' ही घोषणा या दृष्टीने फार नेमकी आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'त असतो. हिंदीत किंवा इंग्रजीत हा भेद सर्वनामातून दाखवता येत नाही. छत्रपतींच्या आज्ञापत्रात राजा स्वतःला 'स्वामी' म्हणे आणि समोरच्याला 'तुम्ही'. दोघे एका सर्वनामात कधी आले नाहीत. 1848 मध्ये प्रजेला कोणी विचारलेही नाही. आणि शंभर वर्षांच्या आत त्याच मुलखात कारभाराचा कर्ता एका सर्वनामाने सांगितला जातो, ज्यात सभेत समोर बसलेला प्रत्येक माणूस व्याकरणाच्या नियमानेच सामील होतो. 'आम्ही कारभार करू' म्हटले असते तर ते आणखी एक सरकार झाले असते. यावर कोणी म्हणेल की 'आपण' हे मोठ्यांना उद्देशून आदरार्थी 'तुम्ही'च्या जागीही येते, तेव्हा शब्दावर इतका भार टाकू नये. येते खरे. पण त्या वापरात क्रियापद मागणी करते, विनंती करते. 'करू' हे रूप ऐकणाऱ्याला वगळून 'आपण'शी जुळतच नाही.

1946 मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि प्रतिसरकार विसर्जित झाले. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव पडले 'सातारचे प्रतिसरकार', आणि इथे शेवटचा पेच उभा राहतो. 1949 मध्ये संस्थाने विलीन होऊन जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे भाग मिरज-सांगली-जतच्या संस्थानी मुलखाबरोबर दक्षिण साताऱ्यात गेले. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले आणि उत्तरेचा 'उत्तर' गळून पडला. परिणाम असा की कुंडल, येडे मच्छिंद्र, वाळवा ही सातारच्या प्रतिसरकारची नावाजलेली गावे आज साताऱ्यात नाहीत. अधूनमधून कोणी दुरुस्ती सुचवतो की आता सांगलीचे प्रतिसरकार म्हणावे. ही दुरुस्ती भूगोलाला धरून आणि भाषेला सोडून आहे. त्या नावातला सातारा हा 1943 चा सातारा आहे. नावाने तेव्हा जे धरले ते नंतरच्या राजपत्राने सुटत नाही. सांगलीकरांनी त्या वारशावर हक्क सांगावा, तो त्यांचाच आहे, पण त्यासाठी नाव खोडावे लागत नाही.

बोट दाखवण्याची जुनी रीत मात्र या दोन्ही जिल्ह्यांत अजून जोमात आहे. सांगलीत नुसते 'दादा' म्हटले की वसंतदादा पाटील, वाळव्यात 'बापू' म्हटले की राजारामबापू, तासगावात 'आबा' म्हणजे आर. आर. पाटील, कऱ्हाडच्या जुन्या माणसांत 'साहेब' म्हणजे यशवंतराव चव्हाण. चौघेही हयात नाहीत. तालुका ओलांडला की तेच नातेवाचक शब्द दुसऱ्या कोणाचे होतात, वारणा ओलांडल्यावर 'महाराज' व्हायचे तसेच. दफ्तरांना मात्र ही लवचीकता नाही. कुंडलच्या जुन्या कागदांचा माग काढणाऱ्याला आधी औंध संस्थान, मग दक्षिण सातारा, मग सांगली अशा तीन नावांखाली शोध घ्यावा लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी कागदावर लिहिलेले असते ते नुसते 'मौजे मजकूर' किंवा 'सदर गाव'.